परातीतलं पिवळं पाणी

शेजारच्या भिंतीला चुना लागतोय. त्या ओल्या वासानं मी थेट कुंभारी गावात जाऊन पोचतो, कावीळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर.

मी नऊ वर्षांचा होतो, डोळे पिवळेजर्द झालेले. त्यानं परातीवर चुन्याच्या निवळीनं माझे तळवे चोळले, तसं पाणी पिवळं होत गेलं. "बघा, उतरतीय की," तो म्हणाला. माझी आई बाजारातून आणलेली भाजीसुद्धा घरी पुन्हा तोलून बघणारी. तिनं आपले धडधाकट हात पुढं केले. "आता माजे धुवा."

परातीतलं नवं पाणीही तितकंच पिवळं झालं.

म्हाताऱ्यानं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोराला दवाखान्यात न्या, बाई. आजच."

मी बरा झालो. "तेवढा एकच माणूस खरं बोलला," असं आई शेवटपर्यंत सांगायची, आणि मीही ते मानत आलो. आज मात्र मला ते दार आठवतंय. बाहेर ओट्यावर एक बाई बसली होती, तिच्या मांडीवरचं पोर माझ्याहून पिवळं. आम्ही निघालो तेव्हा म्हाताऱ्यानं परात विसळली आणि तिला आत बोलावलं.