चौथं नख

मडावी सर चहाला आले की कप टेबलावर येण्याआधी भांडण यायचं. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, मी ऑफिसात हेडक्लार्क. तीस वर्षांत त्यांच्या रागाचे इतके किस्से साठलेत की सुरुवात कुठून करावी कळत नाही. पण सगळे येतात एकाच नखापाशी.

*

गोंड राजांच्या एका वेशीवर हत्तीला दाबून उभा असलेला दगडी सिंह आहे. तरुणपणी सरांनी शिडीवर चढून त्याचा ठसा घेतला. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकायचा, वाळला की शाई फिरवायची. त्यावरून काढलेलं चित्र, खाली सरांची सही, गोंड समाजाच्या मेळाव्यात लागलं. तिथून ते झेंड्यावर गेलं, मग जीपवर, गावाच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर. समाजाचं ते राष्ट्रचिन्हच झालं.

दहा वर्षांनी सरांनी पुन्हा ठसा घेतला आणि पंजाला चार नखं निघाली. चित्रात तीनच होती. पहिल्या वेळी तिथं कागद फाटला होता आणि सरांनी ती जागा अंदाजानं भरली होती.

"राजाच्या सिंहाचं नख मी खाल्लं," ते म्हणाले. त्या दिवसापासून माणूस चिडकाच झाला.

*

भामरागडकडच्या एका लग्नात सरांनी पत्रिका हातात धरून मुलीच्या मामाला मांडवातच झापलं. "चौथं नख कुठी हाय?"

मामा शांत. "सर, पहिले जेवून घ्या. नख मंग पाहू."

सर तणतणत निघून गेले. बस दुसऱ्या दिवशी होती, म्हणून परत येऊन जेवले.

*

मुलचेऱ्याच्या पेंटरकडून त्यांनी एका गावाच्या पाटीवर चौथं नख रंगवून घेतलं. आठवड्यानं पाहतात तर पुन्हा तीन.

"गाववाल्यांनी पुसायला लावलं," पेंटर म्हणाला. "झेंड्याशी जुळत नाई म्हणते."

*

शेवटी सरांनी समाजाच्या बैठकीत विषय मांडला. एक तरुण पुढारी उठला. "घराघरात तीन नखं आहेत सर, चार एकट्या दगडात. बहुमत पाहा ना."

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचा मला अजून राग येतो.

"दगडाले मत नसते बाबू," सर म्हणाले, "म्हणून तो खोटं बोलत नाई."

*

मागच्या हिवाळ्यात वेशीची दुरुस्ती निघाली. सर तोवर रिटायर झालेले, गुडघे गेलेले. आम्ही ऑटोनं पोचलो तर परांचीवर एक कारागीर छिन्नी घेऊन बसलेला.

"काय करून राह्यला रे भाऊ?"

"फिनिशिंग, सर. पंजाले एक नख जास्तीचं होतं. काढलं."

सर खाली मातीत बसले. दोघांनी मिळून ढिगारा उपसला, नख सापडलं, ते रुमालात बांधलं आणि तसेच पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात गेलो. सरांनी साहेबाच्या टेबलावर मूठ आपटली. "कोणत्या आधारावर तोडलं?"

साहेबानं आम्हाला खुर्च्या दिल्या. फाईल उघडून सरांसमोर फिरवली. पहिल्याच पानावर सिंह होता, तीन नखांचा.

"सही आपलीच ना, सर?"

सरांनी चष्मा लावला, सही वाचली. रुमाल सोडून नख त्या चित्रावर ठेवलं.

"माहीच हाय," ते म्हणाले. "आता हे आवकले घ्या, अन् मले पोच द्या."