ओट्यावरची इम्युनिटी

"मला काही होत नाही, एकदा सांगितलं ना!"

"आजी, तीन आठवडे झाले, खोकताय तुम्ही."

"खोकला माझा, घसा माझा. तुझं काय जातं गं, सिस्टर?"

ही सिस्टर आमच्या उपकेंद्रातली. पोरगी गुणी, पण हट्टी. भांडण चाललं होतं गंजाडला, माझ्याच ओट्यावर, सगळ्या पेशंटांसमोर! चौदा वर्षं मी या ओट्यावर टीबीवाल्यांना समोर बसवून गोळ्या गिळायला लावते. त्यातल्या काहींचा टीबी तर साध्या गोळ्यांना दाद न देणारा. तरी मला कधी काही झालं नाही. माझी इम्युनिटी पक्की, हेच मी सिस्टरला ऐकवत होते.

ती म्हणाली, "त्या टीबीपुढे कुणाचीच इम्युनिटी पक्की नसते, आजी."

हे भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण इम्युनिटीवर बोलणारी मी एकटी नाही. रोज सकाळी तीच चार माणसं एका ओट्यावर बसली की किस्से धुळीसारखे साचतात. अधूनमधून झाडले नाहीत तर टेकायला जागा राहत नाही.

*

रेल्वेवाले काका डहाणू रोडचे. रिटायर झाल्यावर मुलीकडे गंजाडला आले, येताना टीबी घेऊन आले. रविवारची गोळी मी त्यांना शनिवारीच घरी न्यायला द्यायची. माणूस शिकलेला, म्हटलं घेईल.

दोन महिने झाले तरी थुंकीत जंतू तसेच! मग एक दिवस मुलीला त्यांच्या दाढीच्या डब्यात सगळ्या रविवारच्या गोळ्या सापडल्या.

काका शांतपणे म्हणाले, "छत्तीस वर्षं नोकरीत रविवारी सुट्टी घेतली. शरीराला एक दिवस आराम दिला की इम्युनिटी वाढते."

"काका, जंतू रेल्वेत नोकरीला नाहीत! अशाच सुट्ट्यांनी टीबी गोळ्यांना जुमानेनासा होतो."

त्या आठवड्यापासून रविवारीही ओट्यावर हजेरी. पहिल्याच रविवारी वेळेवर आले, गोळी गिळली आणि विचारलं, "ओव्हरटाइम कुणाकडे मागायचा?"

*

जमनी झरीची. हल्ली बहिणीकडे राहते, म्हणून माझ्या ओट्यावर. बाई इतकी मायाळू की तिला ओरडताना मलाच पाप लागल्यासारखं होतं. झरीला असताना तिला महिन्याच्या गोळ्या एकदम मिळाल्या. तिने काय करावं? निम्म्या घरात वाटल्या! नवऱ्याला, सासूला, दोन पोरांना. सगळ्यांना इम्युनिटी यावी म्हणून!

"अगं, औषध आहे ते, शिरा नाही!"

"पोरं बघत होती, आजी. एकटीनं खाल्लं तर बरं दिसतं का?"

तिच्या वाट्याला गोळ्या पुरल्या नाहीत, आणि तिचा साधा टीबी हट्टी होऊन बसला. आता दुप्पट त्रासाच्या गोळ्या घेते, पण नशीब, घरचे सगळे तपासणीत ठीक निघाले.

मला तरी शंका आली. "जमने, शेजाऱ्यांना तर नाही ना दिल्यास?"

"नाही हो," ती म्हणाली. "ते तेव्हा लग्नाला गेलेले."

*

मध्ये एक नवे डॉक्टर आले. तरुण, गोरेगोमटे, बोलायला गोड. इम्युनिटी म्हणजे काय ते त्यांनी अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाले, "अंडी, दूध, डाळ, फळं. पोटात हे गेलं की शरीर लढतं."

आमच्या चौघांतले लखमादादा पुढे सरकले. दोन एकर हलकी वरकस जमीन आणि उरलेलं वर्ष मजुरी, असा माणूस.

"हे सगळं तुम्ही रोज खाता, डॉक्टर?"

"रोज."

"मग तुमच्या पोटात टीबीला जागाच कुठे उरते? आमच्या पोटात रिकामीच असते."

डॉक्टर लाल झाले. पण मन मोठं हं त्यांचं! पुढच्या खेपेला गाडीतून अंड्यांचा ट्रे घेऊन उतरले.

*

काकांनी मग बाजारातून इम्युनिटीची पावडर आणली. डब्यावर दंड फुगवलेला माणूस.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. चिकूच्या वाडीत मजुरी करताना पेट्यांवरची अक्षरं बघून वाचायला शिकले आणि इंग्रजी अक्षरं गोळ्यांच्या पाकिटांवरून. म्हणून मी कुठल्याही डब्याची पुढची बाजू बघत नाही, मागची वाचते. यादीत पहिली होती साखर. दुसरीही साखरच, नाव बदलून आलेली!

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे काहीच उपयोग नाही?"

"आहे ना. चहात टाका."

त्या दिवशी सगळ्यांनी गोड चहा प्यायला. मजा आली.

*

आणि सोनी. वय बावीस, तलासरीकडच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिला पहिल्यापासूनच हट्टी टीबी निघाला. गोळ्यांनी रंग काळवंडला, मळमळ वेगळीच. एक दिवस गोळ्या हातात धरून बसली, गिळेचना. मीही समोर बसले. दोन तास! शेवटी तिने सगळ्या एका घोटात गिळल्या आणि म्हणाली, "तुमचं तोंड बघत बसण्यापेक्षा हे बरं."

तेव्हापासून तिचा एक दिवस चुकला नाही. आता वजन चढतंय, गाल भरलेत.

*

तर ते भांडण. सिस्टरने थुंकी तपासायची डबी माझ्यापुढे ठेवली. मी ती सरकवली. तिने परत ठेवली.

"आजी, दोन वर्षांची नात तुमच्या कुशीत झोपते," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं. "आणि काही निघालं तर? मी खाटेवर पडले तर या ओट्याचं काय? हे काका सुट्टी घेतील, जमनी वाटत सुटेल! एवढ्या वर्षांचं माझं सगळं पाण्यात!"

काका चपलेकडे बघत होते. जमनीने पदर तोंडाला लावला.

सोनीच्या तळहातावर तिच्या गोळ्या होत्या, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तिने तांब्या खाली ठेवला आणि गोळ्यांवर मूठ मिटली.

"आधी तुम्ही थुंका, आजी. मग मी गिळते."