गुप्तहेरांचं वाण

नियम करणं हा माझा जुना रोग. कॅरममधली राणी कधी घ्यायची यावरून मी लहानपणी अख्ख्या बिल्डिंगशी भांडलोय. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या मित्राच्या मामाने बोटीवरून परतताना गुप्तहेरांचा खेळ आणला, तेव्हा त्यातलं नियमांचं पुस्तक आपोआप माझ्याच हातात आलं. नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालेलं. मी नोकरीला लागलेलो, पण रविवार दुपारचं काय करायचं हा प्रश्नच असायचा.

खेळ सगळा बोलण्याचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी हेर व्हायचं आणि ‘मी खिडकीतून उडी मारतो’ असं काहीतरी म्हणायचं. उडी जमली की पाय मोडला, ते फासा ठरवणार. गोष्ट सांगणारा मी. हेर दोनच. एक हा खालचा, मानपाड्याला एका कारखान्यात शिफ्टवर जाणारा. दुसरा माझ्या ऑफिसातला, ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. तो खोपटहून एसटी पकडून डोंबिवलीला यायचा आणि दारातूनच ओरडायचा, “काकू, चाय!”

तिसरी माझी ताई असायला हवी होती. भाऊजी अचानक गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली, त्याला वर्ष उलटून गेलेलं. घरातलं सगळं करायची, बोलायची, पण बेल वाजली की आतल्या खोलीत. जिना उतरणं तर बंदच. हीच ताई पत्त्यांत मला दिवसाढवळ्या फसवायची, आणि पकडलं की उलट माझ्यावरच डोळे वटारायची. मला ती परत हवी होती, बस. ती माणसांत आली नाही तर कायमची त्या खोलीची होऊन जाईल अशी मला भीती वाटायची.

पहिल्या रविवारी मी पुस्तकातली गॅजेट्स जशीच्या तशी वाटली. पाण्याखाली चालणारी गाडी, कुलूप वितळवणारं घड्याळ, असली सगळी थेरं. कामगिरी आपल्याकडचीच ठेवलेली: आंबिवलीच्या एका बंद गोदामातून नकाशा आणायचा. घड्याळ आलं कोळ्याच्या वाट्याला. त्याने दार वितळवलं, तिजोरी वितळवली, वर पहारेकऱ्याची बंदूकही वितळवली आणि नकाशा घेऊन मोकळा झाला. खालचा बिचारा पोहे खात बसलेला.

“मग बाकीचे आलेत कशाला?” आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला. “त्याला एकट्यालाच पाठवायचं ना.”

आम्ही तिघांनीही आतल्या दाराकडे बघितलं. परक्या माणसांदेखत तिने तोंड उघडलेलं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पण मीही कमी नव्हतो. म्हटलं, “नुसतं आतून बोलू नकोस, नियम सांग.” ती म्हणाली, “बघते.”

तेव्हापासून आठवडाभर स्वयंपाकघरात आमची तीच चर्चा. गॅजेट कितीदा चालावं? बिघडावं का? ती भाकरी थापत म्हणायची, “तुझं हे घड्याळ माणसाला आळशी करतं रे. वस्तू अशी पाहिजे की डोकं चालवल्याशिवाय तिचा उपयोगच होणार नाही.” मी वाद घालायचो, हरायचो आणि मनातून खूश व्हायचो. पुढच्या रविवारी ती दाराच्या चौकटीपर्यंत आली. त्याच्या पुढच्याला सतरंजीच्या कडेला बसली.

आणि मग संक्रांत आली. आदल्या वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू झालं नव्हतं, यंदा आईने केलं. बायका आल्या, तिळगूळ झाला, वाण लुटलं. ताई तेवढा वेळ आत, दार लोटून. माझं डोकं फिरलं. बायका गेल्यावर मी आईला गाठलं.

“मी तिला आत जा म्हटलं नव्हतं,” आई म्हणाली. “तिची तीच गेली.”

“बाहेर ये असंही म्हटलं नाहीस ना?”

आई शाळेत शिकवायची, शब्दाला शब्द द्यायला तिला कधी वेळ लागायचा नाही. त्या दिवशी तिने फक्त कपबशा उचलल्या. मला वाटलं, झालं, ताई आता परत दाराआड जाणार.

पण त्या रविवारी ताई स्वतःहून बाहेर आली आणि उरलेल्या वाणाची पिशवी तिने सतरंजीवर उपडी केली. चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, कंगवे, सोलाणी, छोटे आरसे. “ही तुमची गॅजेट्स,” ती म्हणाली. “वाण निवडता येत नाही, मिळेल ते घ्यायचं. नको म्हणायचं नाही. एकदा वापरलं की शेजारच्याला द्यायचं. नाहीतरी बायका तेच करतात.”

“चायच्या गाळणीने काय डोंबल हेरगिरी करणार, ताई?” कोळी म्हणाला.

पण केली पठ्ठ्याने. पकडला जाणार असं दिसताच त्याने चोरलेली चावी पहारेकऱ्याच्याच चहाच्या किटलीत टाकली, झडती देऊन झाल्यावर साळसूदपणे त्यालाच चहा गाळून दिला आणि चावी गाळणीत घेऊन बाहेर पडला. ताई खळखळून हसली. इतक्या दिवसांनी ते हसू ऐकलं. मी उगाच फासे गोळा करत बसलो.

आता फक्त वाटणीचं भांडण उरलं. मी वाटलं की म्हणे मी खालच्याला झुकतं माप देतो. शिवाय एकदा तो शिफ्टवरून उशिरा आला, वाटप झालेलं, बिचारा दुपारभर हात हलवत बसला. म्हणून मी दोन नियम वाढवले. वाण खेळाबाहेरच्या माणसाने पिशवीत न बघता द्यायचं, आणि सतरंजीवर बसलेल्या कुणालाही वगळायचं नाही. खेळाबाहेरचं माणूस म्हणजे आई. बाबा दुपारी घोरत असायचे.

आई पदराला हात पुसत आली. “काय बाई तुमचा खेळ,” म्हणत तिने कोळ्याला कंगवा दिला, खालच्याला आरसा. मग पिशवीतून साबणाची डबी काढली. समोर ताई. आईचा हात तिथेच थांबला.

“काकू, पटकन द्या ना, माझी एसटी जाईल,” कोळी म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय कल्पना.

ताईने मान वर केली. “आई,” ती हळूच म्हणाली, “बसलेल्या कुणाला वगळायचं नसतं.”

आईने डबी तिच्या हातात ठेवली आणि उठून तडक आत गेली. मला वाटलं, दुखावली. खालचा माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे.

आई परत आली ती हळदीकुंकवाची कोयरी घेऊन. ताईसमोर गुडघे टेकून बसली.

“नुसतंच वाण कुणी देतं का,” ती म्हणाली. “आधी हे लावायचं असतं.”

कुंकू जरा तिरकं लागलं. ताईने ते पुसलं नाही. संध्याकाळी आईने दुधाची पिशवी आणायला मला हाक मारली, तर ताईच चप्पल घालून निघाली, आणि जिन्यात बायका गप्पा मारत उभ्या होत्या त्यांच्यामधून कपाळावरच्या त्या कुंकवासकट खाली उतरली.