सायलेन्सरवरचा डबा

ट्रेलरवर चढवलेल्या पोकलेनच्या सायलेन्सरवर डबा उपडा घालून बांधायचा असतो, हे मला दादानंच शिकवलं. पोकलेन माझ्या या थोरल्या भावाची, ट्रेलर मी चालवायचो. इंजिन बंद असलं तरी धावत्या गाडीवर वारा सायलेन्सरच्या तोंडातून आत शिरतो आणि इंजिनाचा टर्बो फिरवत राहतो. बंद इंजिनात ऑइल चढत नाही. असा कोरडा टर्बो तासन्‌तास फिरला की खलास. "उपाशी माणसाला पळवल्यासारखं हाय ते," दादा म्हणायचा. आमचा डबा पत्र्याचा, ऑइलचाच, आणि बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी.

कारखान्यातली कायमची नोकरी सोडून दादानं हे मशीन घेतलं, तेव्हा आमच्या सगळ्या टाकवे गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. त्यात मशीन चार महिने घरापुढं नुसतं उभं. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, अंडी घालतंय का?" मग एकदाचं पालघरकडचं वर्षभराचं काम मिळालं. दादा त्या आठवड्यात शीळ घालत हिंडत होता.

निघायच्या सकाळी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ट्रेलरवरच मशीनची पूजा मांडली. नारळ फुटताना इंजिन चालू पाहिजे, मुकं मशीन घरून काढायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी बांधलेला डबा सोडला. दादानं इंजिन चालू केलं, आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. इंजिन बंद केलं तोवर सायलेन्सर तापला होता. लगेच पट्टी बांधली असती तर वितळली असती. इकडे आबांचा घड्याळावर डोळा, राहुकाळ लागायच्या आत शीव ओलांडायची होती.

"गार झाला की बांध रं," दादा म्हणाला.

"उर्शाच्या टोलपाशी बांधतो," मी म्हणालो.

उर्शाला गाडी बाजूला घ्यायला जागा मिळाली नाही, हे खरं. पण लोणावळ्यात मी चहाला थांबलो होतो. डबा माझ्या शेजारच्या सीटवर होता, दिसतही होता. पाऊस भुरभुरत होता, मशीन निसरडं झालेलं, आणि माझ्या अंगात आळस. प्रसादाचं खोबरं चघळत मी स्वतःशीच म्हणालो, एवढी पूजा झालीय, काय होतंय? आळशाला देव बरोबर वेळेवर आठवतो. गाडी घाटाला लावली.

खरं पाप त्यापुढचं आहे. पालघरला साइटच्या अलीकडे गाडी थांबवून मी वर चढलो आणि डबा नीट बांधला, पट्टीला दोन गाठी मारून.

दुसऱ्या दिवशी दादानं स्वतःच्या हातानं तो सोडला. इंजिन चालू झालं, पण आतून बारीक शिट्टी वाजू लागली. तिसऱ्या दिवशी निळा धूर आला, टर्बोचे तुकडे इंजिनात गेले आणि मशीन बसलं ते बसलंच. मिस्त्री म्हणाला, ऑइल मिळालं नाही. आठवड्यात तिथं दुसऱ्याचं मशीन आलं. नवं इंजिन घालायला पैसा नव्हता, आमचं भंगारात गेलं.

"चूक माजीच," दादा म्हणाला. "ऑइल बदलाया येळ केला मी. डबा तर बांधलेला व्हता."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मला लाज वाटली, भीतीही वाटली, आणि मी मान हलवली.

आता दादा सुदुंबऱ्याच्या एका मालकाचं मशीन रोजावर चालवतो. शीळ घालत नाही. इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी मात्र दिवसातून तीनतीनदा ओढून बघतो, बाकीचे ऑपरेटर त्याला हसतात. ते बघितलं की मला जेवण जात नाही.

गेल्या महिन्यात ते मशीन माझ्याच ट्रेलरवर चढलं. डबा कोण बांधणार, मालकानं विचारलं.

"ह्याच्याकडं द्या," दादा म्हणाला. "माजा भाऊ हाय. ह्यो कदी इसरत न्हाई."

मी डबा घेतला आणि वर चढलो.