कानबाईचं नाणं

रुद्र हिरवं ओकला आणि मी त्याचा लंगोट सोडला. डाव्या जांघेत लिंबाएवढा गोळा, लाल, दगडासारखा कडक, आणि हात लावला की सात महिन्यांचं माझं पोर असं किंचाळायचं की गल्लीतल्या बाया दारात आल्या. तो गोळा मला ठाऊक होता हो, हेच सांगायला लाज वाटते. महिन्यापासून रडला की वर यायचा, झोपला की आत जायचा. लसीचा डोस द्यायला येणाऱ्या बाईंनी डॉक्टरला दाखव म्हणून सांगितलेलं. पण माझं सगळं ध्यान त्याच्या बेंबीवर. बेंबी फुगायची, म्हणून सासूबाईंनी आमच्या देवीपुढे, कानबाईपुढे ठेवलेलं नाणं तिच्यावर दाबून पट्टी बांधली होती. "बांधी दे वं, व्हई जाई बरं," म्हणाल्या. श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, होईपर्यंत पट्टी सोडायची नाही, असा नवस. मला वाटलं, कानबाई आई बेंबी बरी करेल तर जांघेचंही करेल, एकाच लेकराचं दुखणं ते.

त्याचे पप्पा कापडाच्या कारखान्यात लूमवर, तिथल्या आवाजात फोन ऐकूच येत नाही. सासूबाई म्हणाल्या, पर्वत पाटियाच्या भागात एक बाई पोट चोळते, ती गोळा आत बसवून देईल, तू हो पुढे, मी पोराच्या बापाला घेऊन येते. आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीतून मी शेअर रिक्षात बसले. शेजारी एक गुजराती माशी, म्हणजे मावशी, मांडीवर भाजीची पिशवी. तिनं रुद्रकडे पाहिलं, कुठं नेते विचारलं. मी चोळायला म्हटलं तशी ती ओरडलीच, "चोळती नहीं! हाथ पण नहीं लगाडती!" तिचा पहिला मुलगा असाच चोळताना गेला होता. रिक्षावाल्याला म्हणाली, "भाई, दवाखाने ले लो, सीधा." आणि भाजी तशीच घेऊन माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आली.

तिथं डॉक्टर म्हणाले पट्टी सोडा, आणि मी पट्टी गच्च धरून बसले. पोर निपचित पडत चाललेलं आणि मला नवसाची भीती! देवी कोपली तर? हात उघडेचना. माशीनं माझी बोटं बाजूला केली, दातांनी गाठ सोडली. "पाप मने लागशे, बेन," एवढंच म्हणाली, पाप लागलं तर तिला लागेल म्हणून. नाण्याखालची कातडी सडून ओली झाली होती.

डॉक्टरांनी समजावलं, की बेंबीचा हर्निया बहुतेक लेकरांचा दोन-तीन वर्षांत आपोआप भरतो, नाणं लागत नाही. जांघेतला भरत नाही, तो शिवावाच लागतो, आणि आतडं त्यात अडकलं की रक्त बंद होतं. लगेच ऑपरेशन केलं. आतडं वाचलं, पोर वाचलं. पण डावं अंड काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. कालच आणलं असतं तर, असं डॉक्टर बोलले. काल मी घरी बसून साडीला टिकल्या चिकटवत होते, आणि तो रडत होता.

बाहेर आले तर माशी नव्हती. नाणंही नव्हतं, तिच्याच मुठीत गेलं असेल. नावसुद्धा विचारलं नाही मी.

सासूबाई अजून म्हणतात, नवस मोडला म्हणून आईनं एक घेतलं. रुद्रला अंघोळ घालताना तो टाका दिसतो आणि माझा हात थांबतो. पण मला वाटतं, कानबाईच त्या रिक्षात बसली होती, माझ्याच्यानं सुटेना म्हणून स्वतःची गाठ स्वतः सोडायला आली होती. यंदा रोट करीन, मागणार काही नाही, पोर मांडीवर घेऊन नुसती तिच्यापुढे बसेन. माझी चूक माझ्याजवळ राहील, पोर तिचं.

तुम्हीही आया आहात. खरं सांगा, माझ्या जागी असता तर तुम्ही सोडली असती का ती पट्टी?