आत्यानं न पुसलेला तारा

"पूस म्हणतेय ना!"

"नाही पुसत. तुझे हात काय मोडलेत?"

"आत्या, ऑफिसात तरी ऐक. इथे मी साहेब आहे."

"असशील. शेंबूड मीच काढलाय तुझा."

भाची वेधशाळेत विभागप्रमुख. सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. आत्या तिच्याच हाताखाली आलेख तपासायची, अकरा वर्षं. त्याआधी वीस वर्षं कापडगिरणीत ताग्यांवरून नजर फिरवलेली.

पडद्यावर एका कोवळ्या ताऱ्याच्या उजेडाचा आलेख होता. उजेड मधेच घसरायचा. कधी तीन दिवसांनी, कधी आठ. कधी जरासा, कधी थेट निम्मा. पुढे अभ्यासायच्या ताऱ्यांची यादी संध्याकाळी जायची होती. यादीतून पुसलेल्या ताऱ्याकडे पुन्हा कोण ढुंकून बघतंय?

"ग्रह आडवा गेला असता तर ठरल्या दिवशी गेला असता. याला ताल ना तंत्र. कॅमेऱ्याचा दोष. नियमच आहे तसा."

"नियम कुणी केला?"

"मी."

"तरीच! शेजारचे तारे बघ. कॅमेरा तोच, पण एकाचा तरी उजेड हललाय?"

"मग कॅमेऱ्याचा तेवढाच कोपरा बिघडला असेल."

आत्यानं खुर्ची पुढे ओढली. "गिरणीत यंत्राच्या रुळाला खाच पडली की कापडावर डाग ठरल्या अंतरावर उमटायचा. वीत सोडून डाग, वीत सोडून डाग. यंत्र बिचारं इमानी, एकच चूक गिरवत बसतं. पण मनाला येईल तिथे गाठ आली, की दोष सुताचा. हे ताऱ्याचं सूत आहे, बाई."

डॉक्टरीण पुन्हा आलेखाकडे वळली. कोवळ्या ताऱ्याभोवती धुळीची तबकडी फिरते, तिच्या आतल्या कडेचे ढेकळासारखे पुंजके वाटेल तेव्हा आडवे येतात, हे ती वर्गात दरवर्षी घसा फोडून शिकवायची. स्वतःच्या यादीत मात्र तिला तसा तारा कधी दिसला नव्हता. आत्यानं या विषयातलं एक पानही वाचलेलं नव्हतं. तिनं फक्त बघितलं होतं. रोज आठ तास, एकही आलेख न टाळता. असं बघणं आपल्याला जन्मात जमायचं नाही, हे डॉक्टरणीला आतून कळलं.

नियमानं ताऱ्यापुढे पडलेली फुली तिनं काढून टाकली. "ठेवला. झालं समाधान?"

"माझ्या समाधानाचं सोड. गेल्या वर्षी याच नियमानं किती पुसलेस?"

डॉक्टरीण उठली. खिळ्यावरची जुन्या नोंदींच्या खोलीची किल्ली तिनं ओढून काढली आणि बाहेर पडली.