त्यात उद्या सकाळ न्हाई

कवठे महांकाळजवळच्या एका बेदाण्याच्या कारखान्यात मी व्यवस्थापक होतो, तेव्हाची गोष्ट. तीन आठवडे खपून मी कंपनीचं पुढच्या वर्षाचं चाळीस पानी धोरण लिहिलं आणि सगळ्या विभागांना बसवून वाचून दाखवलं. ‘दर्जात अव्वल’ हे शब्द तर मुद्दाम सावकाश उच्चारले.

बेदाणा निवडणाऱ्या बायकांचा विभाग अक्का सांभाळायच्या. त्या तेवढ्या म्हणाल्या, “आवं साहेब, म्हंजे उद्या सकाळी आमी काय करायचं?”

मी चिडलो. “सगळं त्यातच आहे,” म्हणालो.

“लय चांगलं हाय. पर त्यात उद्या सकाळ न्हाई.”

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तर अक्कांनी निवडीची टेबलं ट्यूबखालून ओढत खिडकीशी नेली होती. उन्हाच्या उजेडात बेदाण्यातला काळा, खराब मणी लगेच दिसतो. शीतगृहातून आलेली खोकी त्याच दिवशी फोडली की बेदाण्याला ओल धरते, म्हणून खोकी एक दिवस तशीच ठेवायची, असा गोदामवाल्यालाही त्यांनी दम भरला होता. माझ्या चाळीस पानांचा अर्थ मला तिथं कळला.

आता पुण्यात मी याहून मोठी धोरणं लिहितो. पडद्यावर रंगीत बाण असतात आणि सगळ्यांच्या माना डोलतात. गेल्या आठवड्यात बोलून झाल्यावर, अक्कांसारखा एखादा कोरडा आवाज यावा म्हणून मी उगाच थांबलो. “काही प्रश्न?” असं दोनदा विचारलं.

सगळे चहाला उठले. उद्या सकाळी काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.